लाटा हलवायचं काम

बाहुलीनं डोळे उघडले आणि हॉटेलच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तालीमच होती, पण टाळ्या अगदी मनापासून. स्टेजच्या डाव्या कडेला निळ्या कापडाचं टोक दोन्ही मुठींत धरून क्वेन उभी होती, उजव्या कडेला तुल्साच्या कॉलेजातला एक उंच पोरगा दुसरं टोक धरून होता, आणि दोघांनी मिळून समुद्र हलवायचा होता: आधी जोरात, मग बेतानं, किनारा आला की अगदी सावकाश. बाहुली दुकानातून आणलेली, आडवी केली की पापण्या मिटणारी, उभी केली की उघडणारी. होडी म्हणून ठेवलेल्या खोक्यांमधून तियेन उठली, तिनं बाहुली छातीशी उभी धरली, पापण्या टक्क वर गेल्या आणि माइकवरून लुआनचा तो भारदस्त, भाषणासाठी राखून ठेवलेला आवाज आला, "झोपेचं औषध देऊन निजवलेलं ते मूल किनाऱ्यावर जागं झालं." क्वेनच्या मुठी आपोआप उघडल्या. कापड खाली गेलं. "ताई, समुद्र सांडला!" उंच पोरगा ओरडला आणि सगळे हसले. क्वेनही हसली, कारण अमेरिकेतल्या चार राज्यांतल्या दहा कॉलेजांची व्हिएतनामी पोरं समोर होती आणि त्यांच्यापुढे हसायची तिला सवय झाली होती. कापड उचलायला ती वाकली आणि संतापानं त्याचं टोक तिनं मुठीत चुरगाळलं.

वास्तविक तिनं तिथं असायचंच नव्हतं. लाटा हलवायचं काम नव्या पोरांचं. पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या हातात ते कापड येतं, दुसऱ्या वर्षी टोपलीचा नाच, तिसऱ्या वर्षी माइक. प्रत्येक कॉलेजच्या वसंतातल्या कार्यक्रमात एक होडी असतेच. रेशमी आओ-याय, तो लांब चिरांचा झगा, घालून नाच झाला, खोटं लग्न झालं, की दिवे निळे होतात आणि युद्धानंतर देश सोडून पळालेले आईबाप समुद्रावरून येतात. तीन वर्षांत तिनं इतक्या होड्या पाहिल्या होत्या की कापडाचा पोत बघून ती सांगायची, हे मिसुरीवाल्यांचं, हे आर्कान्सावाल्यांचं. यंदा तिच्याकडे जेवण आणि खोल्या होत्या. पण आज सकाळी लाटांवरची एक मुलगी घसा बसून झोपून राहिली आणि लुआन म्हणाला, "क्वेन, तू धर गं जरा, तेवढंच बघशीलही. शेवट गुपित ठेवलाय मी तुझ्यापासून." गुपित! तो हसला होता म्हणताना. वाढदिवसाचा केक लपवणारा माणूस हसतो तसा. तिला ते हसणं आता आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मूल जागं झालं म्हणे. कुठलं मूल? तिच्या घरी देवघरातल्या फळीवर आजोबांच्या फोटोशेजारी एक छोटी वाटी असायची. फोटो नाही, नाव नाही, नुसती वाटी, आणि वर्षातल्या एका दिवशी त्या वाटीत घट्ट गोड दूध. बाकीच्या दिवशी मा ती पुसून उपडी ठेवायची. लहानपणी क्वेननं एकदा ते दूध बोटानं चाटलं होतं आणि माच्या हातचा तिच्या आयुष्यातला एकमेव मार खाल्ला होता. का, ते कुणी सांगितलं नाही. बा तर विमानाच्या कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून कानानं अर्धा गेलेला, त्याला विचारणं म्हणजे ओरडून आख्ख्या विचिटा गावाला विचारणं. पण घरी तिला हाक मारायचे ती 'तिसरी' म्हणून. मेकाँगकडच्या घरांत पहिल्या पोराला दुसरा म्हणायचं, त्याच्या पाठच्याला तिसरा. पहिला म्हणून कुणी नसतोच. गोऱ्या मैत्रिणींना हे सांगताना तिची दमछाक व्हायची. आपल्यातल्या कुणाला मात्र सांगावं लागत नाही. आपल्यातला माणूस 'तिसरी' ऐकतो आणि लगेच मान वळवून दुसऱ्याला शोधतो. घरात दुसरा नव्हता. ती चौदा वर्षांची असताना कॅलिफोर्नियाहून आलेल्या मावशीनं भाजी निवडता निवडता, जणू कुणा शेजाऱ्याचं सांगावं तसं, सांगून टाकलं: व्हिएतनाममधल्या राक-याच्या खाडीतून होडी निघाली तेव्हा पहाऱ्याची बोट जवळून जाणार होती, ज्यांच्याकडे तान्ही होती त्यांनी त्यांना निजवून आणायचं असं ठरलं होतं, आणि तुझा दुसरा दादा निजला तो निजलाच. मलेशियातल्या बिडाँगच्या बेटाला होडी लागायच्या आधीच त्याला पाण्यात सोडावं लागलं. "माला विचारू नकोस," मावशी म्हणाली, "आणि तुला ठाऊक आहे हेही तिला कळू देऊ नकोस." क्वेननं दोन्ही पाळलं. आजतागायत सात वर्षं पाळलं.

पण मधे, दोन वर्षांपूर्वी, लुआनला सांगितलं. का सांगितलं? हा प्रश्न ती आता हॉलबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बर्फाच्या यंत्राला टेकून स्वतःला विचारत होती आणि उत्तरानं तिची आणखीच चिडचिड होत होती, कारण उत्तर सोपं होतं: सांगावंसं वाटलं. त्या वर्षी दोघं मिळून गावोगाव हिंडत होती, त्याच्या जुनाट टोयोटातून, विचिटाहून ओक्लाहोमा सिटी, तिथून तुल्सा, तिथून फेएटव्हिल, जिथं जिथं आठ-दहा व्हिएतनामी पोरं एका कॉलेजात असतील तिथं जाऊन मंडळ काढायचं, मंडळांचा संघ बांधायचा. काय दिवस होते ते! एका गावी वाचनालयाच्या तळघरात फक्त तीन पोरं आली होती, त्यातला एक चुकून आलेला कोरियन. आज त्या गावाची स्वतंत्र व्हॅन भरून आली होती, सारख्या टी-शर्टांत, घोषणा देत. ह्या संघानं तिला काय दिलं नाही? ज्या शाळेत ती एकटीच काळ्या केसांची होती तिथून ती आली होती, आणि इथं पहिल्याच आठवड्यात तिला एक दादा, दोन ताया आणि एक 'घराणं' मिळालं. आजारी पडली तर दारात पेजेचं भांडं. ते खोटं नव्हतं. त्याचाच तर राग जास्त. गव्हाच्या शेतांमधून सरळसोट रस्ता जात होता, दुपारचं ऊन काचेवर होतं, माचा फोन आला, "तिसरे, जेवलीस का?" आणि फोन ठेवल्यावर लुआननं, आपल्यातलाच तो, विचारलं, "दुसरा कुठं असतो गं?" आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. त्यानं गाडी कडेला घेतली, बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्या न बोलण्यावर तिनं विश्वास ठेवला. तो तेव्हा गप्प राहून काय करत होता ते तिला आज कळलं. पाठ करत होता.

तो आलाच मागोमाग. हातात कागद, गळ्यात शिट्टी, अंगात कोट, संघाचा अध्यक्ष. आज दुपारी आईबापांच्या जेवणाआधी नवा अध्यक्ष जाहीर व्हायचा होता आणि ती क्वेन असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, दुसरं कुणी उभंच नव्हतं.

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं त्यानं असं.

"काढून टाक."

"काय?"

"ते मूल, ते औषध. सगळं. काढून टाक, दादा."

"क्वेन, ऐक. नाव नाही घेतलंय कुणाचं. गाव बदललंय. मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुझी शपथ."

"शपथ घेतोस माझी? लाज वाटत नाही? तुला मी नाटकासाठी सांगितलं होतं का?"

"आणि मी ते चांगलं केलं ना पण! तू बघितलंस, ते जागं होतं. मला वाटलं तुला..." तो अडखळला. "मला वाटलं तुला आवडेल. निदान एकदा कुठंतरी ते उठावं."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि ती मारली नाही ह्याचंही नंतर वाईट वाटलं. "ते उठून काय करतं, दादा? सांग की. उठून मोठं होतं आणि संघाचा अध्यक्ष होतं, असंच ना?"

"भाषण मी करतोय शेवटचं," तो खाली बघत म्हणाला. "ते मूल म्हणून."

"तू विमानानं आलास!"

"हो, आलो विमानानं!" आता त्याचाही आवाज चढला. "बाप कम्युनिस्टांच्या कैदेच्या छावणीतून सुटला, कागद झाले, आम्हांला खिडकीजवळची जागा आणि संत्र्याचा रस. विमानाचं नाटक कोण बघतं, क्वेन? तीन वर्षं मी प्रत्येक होडीत मागच्या रांगेत उभा राहून वल्ही मारलीत. तुमच्या सगळ्यांकडे काहीतरी आहे. माझा बाप तर तोंडच उघडत नाही." ह्यातलं बरंचसं खरं होतं हे तिला माहीत होतं. एरवी तिला कणव आली असती. आज तिला फक्त 'तुमच्याकडे काहीतरी आहे' एवढंच ऐकू आलं, जणू मावशीनं भाजीच्या ताटातून उचलून दिलेली ती गोष्ट म्हणजे चांगल्या घरातलं चांदीचं भांडं.

"माझी मा येतेय जेवणाला," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. पण क्षणभरच, मग अध्यक्ष परत आला. "मी एकटा नाही ठरवू शकत. वर्तुळ बोलवू या."

वर्तुळ म्हणजे काय ते तिनंच तर पोरांना शिकवलं होतं. गालिच्यावर सगळ्या कॉलेजांच्या प्रमुखांनी गोल बसायचं, वेताची टोकदार टोपी हातोहात फिरवायची, ज्याच्या हातात टोपी त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, शेवटी हात वर. ह्याला ते नेतृत्व म्हणत. क्वेनला आपल्या मांडीवर ती टोपी आल्यावर पहिल्यांदा जाणवलं की ह्या खेळात एक मोठी फट आहे: ज्याला कारण सांगता येत नाही त्यानं काय बोलायचं? माझ्या माचं आहे, एवढे तीन शब्द उच्चारले की ती जिंकणार होती. आणि मग काय होईल हेही तिला लख्ख दिसत होतं. तियेनच्या डोळ्यांना धारा लागतील, मुली येऊन मिठ्या मारतील, कुणीतरी म्हणेल, ताई, तूच का नाही बोलत स्टेजवर, आणि मा दारातून आत येईल तेव्हा चार राज्यांतली पोरं तिच्याकडे बघायला मान वळवतील. सात वर्षं सांभाळलेलं ते ती ह्या गालिच्यावर ठेवणार नव्हती. लुआन समोर बसून टोपीकडे बघत होता. तिचं गुपित राखत होता, हरामखोर!

"मूल उठतं ते काढा," ती म्हणाली. "किंवा तो प्रवेशच काढा. मला बरोबर वाटत नाही."

"का पण ताई?" आर्कान्साचा खोआ म्हणाला, टोपी नसताना. "लोक रडायला पाहिजेत की नाही? गेल्या साली टेक्सासवाल्यांनी काय रडवलं होतं! आपलं म्हणजे नुसते नाचच असतात असं म्हणतात ते."

"टोपी, टोपी," कुणीतरी म्हणालं. टोपी तियेनकडे गेली. तियेन एकोणीस वर्षांची, हाडांची काडी, बाहुली अजून काखेत होती तिच्या. "ताई, माझी आई घरी काहीच सांगत नाही गं," ती म्हणाली. "विचारलं की म्हणते, जा, भांडी घास. हे करताना मला पहिल्यांदा ती समजल्यासारखी वाटली. माझ्याकडून हे काढून नका घेऊ ना." आणि ती खरोखर रडायला लागली. आता हिच्यावर काय रागवायचं! क्वेननं आजूबाजूला पाहिलं; सगळे असेच होते, भांडी घासायला पाठवलेले, आणि त्यांनी रिकाम्या घरात हाताला लागेल ते उचलून मांडलं होतं. हात वर झाले. विरोधात तिचा एकटीचा. लुआननं कुठल्याच बाजूनं हात वर केला नाही, आणि सगळ्यांनी त्याच्या निःपक्षपातीपणाचं कौतुक केलं.

मा अकराच्या सुमारास आली. हॉटेलच्या मागच्या दारानं, बाच्या बंद डब्यासारख्या व्हॅनमधून, ॲल्युमिनियमचे झाकलेले ट्रे एकावर एक. पहाटेपासून चा-यॉचे कुरकुरीत रोल तळले असणार. केसांना तेलाचा वास, अंगात मात्र जांभळा आओ-याय, गळ्याशी जरा घट्ट झालेला. बाला कारखान्यात जादा पाळी होती, तो ट्रे उतरवून तसाच गेला. "एवढे कशाला केलेस गं मा," क्वेन म्हणाली, आणि मा म्हणाली, "पोरं खातात गं. परक्या गावची पोरं," आणि पदर खोचावा तसा पुढचा घोळ कमरेला खोचून भटारखान्यात घुसली. क्वेनला एकदम हायसं वाटलं. इथंच ठेवायची हिला. तिनं एकामागून एक कामं काढली. नुक-माम पातळ कर, मा, माशाचा खारट रस पोरांना सोसत नाही. लेट्यूस धू. पुन्हा धू, माती आहे. मिरच्या चीर. मानं सगळं केलं आणि हात पुसत म्हणाली, "चल, झालं. आता तुझा कार्यक्रम बघते. पुढं बसते मी, चष्मा विसरलेय."

"नको बघूस. बोअर आहे. नेहमीचंच, नाचबिच."

"तू आहेस ना त्यात?"

"मी नुसतं कापड धरते, मा."

"मग कापड बघेन," मा म्हणाली.

"तू इथंच थांब ना जरा, कुणीतरी पाहिजे इथं, ट्रे..." तिचा आवाज नको इतका वर गेला. मा तिच्याकडे बघत राहिली. ह्या बाईला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ती भाताचं झाकण न काढता आतलं ओळखायची. "माझी लाज वाटते का गं तुला?" तिनं विचारलं. "नखांना हळद आहे म्हणून? धुते की." क्वेन नाही नाही म्हणत राहिली, आणि मा नखं घासून धुऊन, ओल्या हातांनी केस सारखे करून पुढच्या रांगेत जाऊन बसली, संघाला देणग्या देणाऱ्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांच्या शेजारी, पर्स मांडीवर उभी धरून.

क्वेननं कापड धरलं. न धरून काय झालं असतं? दुसऱ्या कुणी धरलं असतं; आणि निदान इथून मा दिसत होती. दिवे निळे झाले. खोक्यांच्या होडीत पोरं दाटीवाटीनं बसली, तियेननं पर्समधून काहीतरी काढून बाहुलीच्या तोंडाशी नेलं, पहाऱ्याच्या बोटीचा दिवा म्हणून कुणीतरी बॅटरी फिरवली. मा सरळ बसली होती. तिचं तोंड निळं दिसत होतं, सगळ्यांचंच दिसत होतं. आणि क्वेनला सुचलं ते एवढंच: तिनं कापड हलवायला सुरुवात केली. जोरात. किनारा यायची वेळ झाली, उंच पोरगा हळू झाला, ती झाली नाही. खांद्यातून हात उपसून येतील इतक्या ताकदीनं तिनं ते कापड वर फेकलं, खाली ओढलं, वर फेकलं. बुडू दे सगळे. तियेन बुडू दे, खोआ बुडू दे, ते भाषण बुडू दे, टेक्सासवाले, घोषणा, टी-शर्ट, टोपी. कापडाची घडी होडीच्याही वर गेली, तियेन दिसेनाशी झाली, पोरं बावरून खरीच किंचाळली. हे तुमचं नाही! तुमच्या आयांनी तुम्हांला सांगितलं नाही म्हणून तुम्ही माझ्या मावर हात टाकणार? आणि प्रेक्षागृहातून टाळ्यांचा कडकडाट झाला. वादळ आवडलं होतं लोकांना. पुढच्या रांगेतले एक म्हातारेबुवा डोळे पुसत उभे राहिले, उंच पोराला चेव येऊन तोही जोरात हलवायला लागला. मग माइकवरून लुआनचा आवाज आला, वादळ शमलं, नवा किनारा आला, आणि क्वेनचे हात संपले. कापड खाली बसलं. तियेन उठली. बाहुलीनं डोळे उघडले. माचा हात पर्सवरून उठून तोंडाकडे गेला आणि तिथं न पोचताच परत मांडीवर आला. लुआन कोटातून पुढं आला, दिव्याच्या गोलात थांबला आणि म्हणाला, "ते मूल मी आहे."

पुढची वीसेक मिनिटं क्वेनला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. भाषण झालं, पूर्वजांचं ऋण झालं, उद्याचे नेते झाले. तिचं नाव पुकारलं गेलं, कुणीतरी तिला पुढं ढकललं, गळ्यात अध्यक्षाचा रेशमी पट्टा घातला, ती काय बोलली कुणास ठाऊक. नंतर पोरांनी सांगितलं, छान बोललीस, ताई, थोडक्यात. ती बोलताना समोरची एकच खुर्ची बघत होती आणि ती रिकामी होती. ती स्टेजवरून उडीच मारून उतरली. भटारखान्यात नाही, बाहेर मागच्या दारापाशी नाही. जेवणाच्या टेबलांमध्ये गर्दी होती, चा-यॉचे ट्रे रिते होत होते, आणि त्या गर्दीच्या मधोमध लुआनभोवती पुढारी उभे होते, कुणी त्याची पाठ थोपटत होतं, कुणी त्याचा हात सोडत नव्हतं, आणि मा एक प्लेट घेऊन त्यांच्यातून वाट काढत त्याच्यापाशी पोचली होती. क्वेन धावली. माच्या हातात आता प्लेट आहे, ती त्याच्या तोंडावर फेकेल, असं तिला वाटलं. फेक, मा, फेक, असंही वाटलं.

"खा बाळा," मा म्हणाली. "दमलास."

"थँक यू, मावशी." त्यानं क्वेनला येताना पाहिलं आणि त्याचा रंग उडाला.

"कुठल्या साली जन्म रे तुझा?"

"एक्क्याऐंशी, मावशी."

मानं मान हलवली, हिशेब बरोबर आल्यासारखी. मग ती आणखी जवळ सरकली, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि एखादीला तिच्या हातच्या पदार्थाचं विचारावं तशा बेतशीर आवाजात तिनं विचारलं, "तुझ्या आईनं तुला किती दिलं होतं?"

"काय, मावशी?"

"औषध. ती गोळी. अख्खी की अर्धी? तिनं सांगितलं असेल ना तुला."

लुआननं क्वेनकडे पाहिलं. पुढाऱ्यांतला एक अजून त्याच्या खांद्यावर हात ठेवून होता. आजवर ह्या माणसाला कुठल्याही सभेत उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं. "अर्धी," तो म्हणाला. "अर्धी, मावशी."

"अर्धी," मा म्हणाली. तिनं तो शब्द तोंडात धरून ठेवला. "मी पावच दिली होती."

आयुष्यात पहिल्यांदा. एकवीस वर्षं एका घरात राहून क्वेननं हे पहिल्यांदा माच्या तोंडून ऐकलं, आणि तेही तिला सांगितलेलं नव्हतं. दिवसभर छातीत धरून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं. "मा, खोटं आहे ते! थापा मारतोय तो. ह्याला कुणी काही दिलं नव्हतं, हा विमानानं आलाय, आईबापांच्या मांडीवर बसून! बनवलंय त्यानं ते. असं कुठलं मूल नव्हतंच, मा, कुणी उठलं नव्हतं!"

मा वळली. क्वेननं तो चेहरा एकदाच पाहिला होता, दुधात बोट बुडवलं तेव्हा.

"तू होतीस का तिथं?" मा म्हणाली. "तुला काय ठाऊक? होतीस का तू त्या होडीत?"

मानं तिच्याकडे पाठ केली, एक खुर्ची ओढून लुआनच्या समोर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"सांग बाळा," ती म्हणाली. "कशातून दिली? पाण्यातून, का साखरेतून?"